पहिलं त्याचं

शमुवेलमामांच्या घरात चहाचा पहिला कप घरातलं कोणी पीत नसे. सकाळी मार्थाबाई चूल पेटवत, चहा उकळे आणि मामा पहिला कप भरून बाहेर व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवून येत. मग आत जाऊन दुसऱ्या कपापासून त्यांचा चहा सुरू होई. कठड्यावरचा कप जो पहिला येईल त्याचा. कधी ड्यूटीवरून परतणारा फायरमन, कधी करवंदं विकायला आलेली बाई, कधी हवापालटासाठी आलेला आणि रस्ता चुकलेला एखादा पुण्याचा गृहस्थ. तो आधी कपाकडे आणि मग मामांकडे संशयाने बघे. एकदा तर तो कप स्टेशनमास्तरांच्या शेळीने संपवला. मी हसलो. मामा हसले नाहीत.

"पहिलं त्याचं," ते म्हणाले. "आज त्यानं शेळी पाठवली."

हा 'तो' कोण, हे कळायला मला महिना लागला. मी गुड्स क्लार्क म्हणून लोणावळ्याला नुकताच बदलून आलो होतो. घाटात विजेची इंजिनं नवी नवी सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये माझी खोली मामांच्या खोलीला लागून. आधी मला वाटलं 'तो' म्हणजे वरचा कोणी साहेब असेल. हाताखालच्या माणसाकडून फळांची करंडी पोचती करून घेणारे साहेब मी पाहिले होते. पण हा साहेब कधी दिसेना, त्याची बदली होईना आणि मामा त्याला घाबरतानाही दिसेनात. शेवटी मार्थाबाईंनीच सांगितलं. "आमच्या प्रभूबद्दल बोलतात ते, बाबू. प्रत्येक गोष्टीतलं पहिलं प्रभूचं. प्रभू काही हात पुढे करून दारात येत नाही. म्हणून जो पहिला येईल तो प्रभूने पाठवला, असं यांनी धरून ठेवलंय."

"आणि तुम्ही?"

"मी दुसरा कप पिते," मार्थाबाई म्हणाल्या.

मामा मूळचे बेडशाजवळच्या एका वाडीतले. वडिलांच्या वेळी घर ख्रिस्ती झालं, मामा मिशनच्या शाळेत शिकले आणि तिथून शुद्ध, जरा छापील मराठी घेऊन बाहेर पडले. रेल्वेत त्यांचं काम चाकं ठोकण्याचं. गाडी घाट उतरण्याआधी लांब दांड्याचा हातोडा घेऊन ते एकेक चाक ठोकत जात. चाक धड असलं की खणखणीत वाजतं, तडा असला की बद्द आवाज येतो. मामांचा कान असा की साहेबसुद्धा त्यांच्या शब्दावर डबा सोडवून बाजूला काढायला लावी. पण पहिलं चाक ठोकल्यावर मामा डोळे मिटून स्वस्थ उभे राहत. गार्ड हिरवी झेंडी घेऊन चरफडत असे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पहिल्या चाकाचा आवाज त्याला ऐकवतो. मग बाकीचे मी ऐकतो."

मी नियमाचा माणूस. पार्सलावर लेबल नसलं तर मला रात्री झोप लागत नाही. त्यामुळे या प्रकारात नियम काय ते शोधून काढायचं मी मनावर घेतलं आणि जितका खोलात गेलो तितका गोंधळत गेलो. नवी छत्री आणली की पहिला दिवस ती दुसऱ्याच्या डोक्यावर. नवे बूट एका फायरमनने पहिल्या दिवशी घातले आणि तो ते घालून कर्जतला गेला तो तीन दिवसांनी उगवला. वर्तमानपत्र ते पहिलं मला वाचायला देत, याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण नवं कॅलेंडर आलं की त्याचं पहिलं पान फाडून देऊन टाकत, त्यामुळे जानेवारीत त्या घरात तारीख कोणालाच माहीत नसे. रोज सकाळी मार्थाबाई भिंतीवरून मला विचारत, "बाबू, आज कितवी?" आणि मी सांगत असे. म्हणजे आमचा जानेवारी दोन घरांना पुरे.

"मामा, पण कॅलेंडरचं पहिलं पान देऊन देवाला काय मिळतं?" मी विचारलं.

"त्याला काय मिळतं ते त्याला विचारा. मला विचाराल तर मी एवढंच सांगेन, की ते माझं नव्हतं."



बढतीचंही तसंच. चाकं तपासणाऱ्यांच्या वरची, हेड एक्झामिनरची जागा रिकामी झाली, पत्र मामांच्या नावाने आलं. मामांनी ती हाताखालच्या माणसाला द्यावी असा अर्ज केला, कारण आयुष्यातली ती पहिली बढती होती. साहेबाला वाटलं की माणसाची तब्येत बरी नसावी. दुसरी बढती काही आली नाही. मी हळहळलो, दोन दिवस मामांशी नीट बोललोही नाही. ते मात्र हातोडा खांद्यावर टाकून गुणगुणत कामावर जात होते.

मामा परसातली पहिली वांगी घेऊन निघाले की वाटेत पहिलं दार आमचं, त्यामुळे ती बहुतेक वेळा माझ्याजवळ राहणाऱ्या आईच्याच वाट्याला येत. माझी आई सोवळ्याची. ख्रिस्ती घरची वांगी घ्यावीत की नाही, यावर तिने पहिल्या वर्षी बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "देवाचा वाटा आहे म्हणतो ना तो? कुठला देव ते मी विचारलं नाही. मग मला काय माहीत?" वांगी दोनदा धुतली आणि भरली वांगी केली. पुढे पुढे एकदाच धुवायची.

कठड्यावरचा चहाचा कप मात्र मी कधी उचलला नाही. आई स्वयंपाकघरातून बघत असे, हे एक कारण. दुसरं माझं मलाच नीट सांगता येत नाही.

मामांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वर्षातून एकदा पहिल्या पिकाचा सण असे. लोक भोपळे, कणसं, अंडी आणून ठेवत आणि उपासना झाली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होई. एका वर्षी मार्थाबाईंनी तीन कोंबड्या पाळल्या. त्यातली जी आधी अंडी घालायला लागली ती मामांनी काखोटीला मारली आणि देवळात नेऊन ठेवली. मार्थाबाईंचा त्या कोंबडीवर जीव. त्यांनी लिलावात सगळ्यांच्या वर आवाज चढवून आपलीच कोंबडी विकत घेतली आणि पदराखाली धरून घरी आणली. मामा दारातच उभे होते.

"घरात आज नवीन काय आलं?" त्यांनी विचारलं.

"नवीन कुठलं? आपलीच आहे."

"आपली होती ती दिली. ही आज आली. आजच्या दिवसातलं घरात आलेलं पहिलं."

पुढच्या रविवारी कोंबडी पुन्हा देवळात. मार्थाबाईंनी पैसे भरून ती पुन्हा सोडवून आणली. तिसऱ्या खेपेला पाळकसाहेबांनीच हात जोडले. "शमुवेल, या कोंबडीला आता देवळाची वाट पाठ झाली आहे. तिला घरी राहू दे." पाळकांचा शब्द म्हणून मामांनी मानला, पण तोंड पडलं होतं त्यांचं.

या सगळ्याची मला सवय झाली होती. माझी झोप उडाली ती मामांच्या घरापायी.

निवृत्ती जवळ आली, तसं मामांनी वलवणच्या बाजूला जमिनीचा लहानसा तुकडा घेऊन दोन खोल्या बांधायला काढल्या. मार्थाबाईंनी उभा जन्म कंपनीच्या नंबर घातलेल्या खोलीत काढला होता. मोठाली स्वप्नं नव्हती त्यांची. "आतून कडी लावायची आणि ती माझी म्हणायची. एवढंच," त्या म्हणत. रोज जाऊन भिंत किती वर आली ते बघत. आणि भिंत जसजशी वर जाऊ लागली तसतसा त्यांचा चेहरा उतरू लागला. एकदा भिंतीपलीकडून हळूच म्हणाल्या, "बाबू, घर नवं आहे."

माझ्या लक्षात आलं. मी तडक मामांना गाठलं.

"मामा, घराचं काय?"

"पहिलं राहणं त्याचं."

"म्हणजे किती दिवस?"

"त्याला लागतील तेवढे."

"आणि मामींनी पावसाळ्यात कुठे राहायचं? ही खोली तर कंपनी काढून घेणार."

"ते तो बघेल," मामा म्हणाले. ज्याला मुळात घर द्यायचं, त्यालाच या दोघांच्या राहण्याची सोयही करायला सांगायची, हे मला काही केल्या उमजेना.

शेवटी मला वाट सुचली. नियम एवढाच, की जो पहिला दारात येईल त्याचा मान. ती बायको असू नये असं कुठे म्हटलं होतं? मार्थाबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "खोटं तर नाही ना हे, बाबू?"

"खोटं कसं? तुम्ही येणार, पहिल्या येणार."

वैशाखातल्या एका रविवारी उपासनेनंतर मामा नव्या घरी पुढे गेले. माठ भरला, दार सताड उघडलं, प्रार्थना केली आणि वाट बघत बसले. मी मार्थाबाईंना टांग्यात घालून मागून निघालो. सोबत त्यांची पत्र्याची ट्रंक. टांगा रस्त्यावर सोडला, ट्रंक मी घेतली आणि आम्ही पायवाटेने निघालो. दार दहा पावलांवर आलं.

तेवढ्यात शेजारच्या चढावरून एक ठाकराची बाई मोळी घेऊन उतरली. पोरगीच म्हणायची. सहा-सात महिन्यांची गरोदर, तोंड उन्हाने लाल.

"मावशे, वाईच हात लाव गं," ती म्हणाली. मार्थाबाईंनी मोळी उतरवायला हात लावला. "पानी मिळंल का कुटं?"

"अशा अवस्थेत उन्हात काय उभी राहतेस?" मार्थाबाई कळवळून म्हणाल्या. "जा आत. माठ भरलेला आहे."

शब्द तोंडातून गेला आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. मी ट्रंक खाली ठेवली. पोरगी उंबरा ओलांडून आत गेली होती.

"या बाई," मामांचा आवाज आला. "तुमचीच वाट बघत होतो."

"माजी? मला कोन वळखतंय हितं?"

ती हिरी. तिचा नवरा बुधा मागोमाग आला. आठवड्यापूर्वी वणव्यात त्यांचं खोपट जळालं होतं आणि दोघं आंब्याखाली राहत होती. हे घर लागेल तोवर तुमचं, असं मामा सांगत होते आणि बुधा दाराबाहेरच हात जोडून उभा होता. "आमाला न्हाई जमायचं, सायेब. कुनी मारंल आमाला." त्याची समजूत घालता घालता तिन्हीसांज झाली. ट्रंकेवर बसलेल्या मार्थाबाई मधूनच मला म्हणाल्या, "तुमची युक्ती चांगली होती, बाबू. माझीच जीभ नडली."

मामा निवृत्त झाले, कंपनीची खोली गेली, आणि पावसाळ्यात मामा आणि मार्थाबाई आमच्या मागच्या पडवीत राहिले. गोणपाटाचे पडदे, एक चूल, ती ट्रंक, आणि कोंबडी. कसं झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी बोलावलं असं मला आठवत नाही. आई म्हणाली, "आता एवढी वर्षं वांगी खाल्ली," आणि पडवी झाडून घेतली. 'तो बघेल' असं मामा म्हणाले होते. त्यात माझी पडवी धरलेली होती हे मला तेव्हा कळलं. पहिला कप आता आमच्या कठड्यावर ठेवला जाऊ लागला.

श्रावणात हिरीला मुलगा झाला. पहिला. आणि वाडीत बोलणं सुरू झालं, की तो ख्रिस्ती मामा पहिलं ते सगळं देवाला देतो, म्हणून तर त्याने घर दिलं. बुधाची म्हातारी आई वाडीवरून उतरली आणि उंबऱ्यावर कोयता घेऊन बसली.

एका सकाळी बुधा भिजत आमच्या कठड्याशी आला. कप नुकताच ठेवलेला होता. "घे," मामा म्हणाले.

"च्या नगं." आजवर त्या कपाला कोणी नको म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. बुधाची मान खाली होती. "मामा, आय म्हनती, पोर द्याचं न्हाई. तुमचं घर तुमी माघारी घ्या. आमी जातो."

पाऊस मी म्हणत होता. दहा दिवसांचं मूल घेऊन हे आंब्याखाली जाणार होते. मामांचा चेहरा इतका पडलेला मी कधीच पाहिला नव्हता. ते छत्री न घेताच निघाले. मी माझी छत्री घेऊन मागे धावलो.

म्हातारी उंबऱ्यातून हलली नाही. "पयलं त्याचं म्हनतोस न्हवं तू? ह्ये पयलं हाय. म्हून घर दिलंस तू आमाला."

मामा ओल्या पायरीवर बसले. मिशनच्या शाळेतली ती छापील मराठी कुठच्या कुठे गेली. "न्हाई, आजे. पोर न्हाई. पोर ज्याचं त्येच्यापाशी ऱ्हाऊ दे."

"आन तुजा द्येव? त्यो मागंल की."

"त्याला मी सांगतो. माज्याकडनं येक गेलंय त्याच्याकडं. ह्ये न्हाई मागायचं म्हनावं."

म्हातारीने त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग कोयता भिंतीला लावून ठेवला, आत गेली आणि मूल आणून मामांच्या मांडीवर ठेवलं. मामांनी ते कसं धरावं हे विसरल्यासारखं धरलं.

पुढे दसऱ्यानंतर बुधाने नवं खोपट उभारलं आणि ती मंडळी तिकडे गेली. मार्थाबाईंनी आपल्या घराची कडी आतून लावली, उघडली आणि परत लावली. मी बाहेर उभा राहून आवाज ऐकला. पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचंच.

 परतताना तळ्याच्या बांधाशी आल्यावर मामा म्हणाले, "बाबू, आम्हाला एक मुलगी होती. सुवार्ता. सव्वा वर्षाची झाली होती. साथीच्या वर्षी गेली."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आणि मला माहीत नव्हतं.

"सगळे म्हणाले, प्रभूने बोलावून घेतली. ते ऐकलं की मला त्याचा राग येई. प्रार्थनेला बसलो की भांडण. आणि त्याच्याशी भांडून मी जाणार कुठे? दुसरं कोण आहे मला? मग मी त्याला म्हटलं, तू नेली नाहीस, मी दिली. पहिली होती, तुझी होती, मी दिली." त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. "पण जन्मात एकदाच देणारा माणूस खोटा वाटतो, बाबू. माझं मलाच खरं वाटेना. म्हणून मग पहिलं ते सगळंच द्यायला लागलो."

"मग आता खरं वाटतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"कधी कधी वाटतं," मामा म्हणाले. "चहाच्या वेळी वाटतं."

घरी आलो तर पडवीत मार्थाबाई ट्रंक उघडून बसल्या होत्या. बुधाचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मांडीवर एक टोपडं होतं, कधीकाळी पांढरं असलेलं, कडेला निळ्या दोऱ्याचं नक्षीकाम.

मामा थबकले. "हे कुठे होतं?"

"माझ्यापाशी," मार्थाबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळं दिलंत. एवढं मी दिलं नव्हतं." टोपडं त्यांनी गुडघ्यावर सारखं केलं. "बाळाचं डोकं केवढं आहे हो?"

मामांनी हाताची ओंजळ करून दाखवली. 

"मग जरा मोठं होईल. थंडीपर्यंत पुरेल." त्या उठल्या, टोपडं पदराखाली घेतलं आणि मामांना म्हणाल्या, "चला." मला वाटलं आता मामा म्हणणार, पहिलं त्याचं. ते काही म्हणाले नाहीत. एरवी रस्त्याने मामा चार पावलं पुढे आणि मार्थाबाई मागे असत. त्या दिवशी त्या पुढे होत्या, आणि मामा माझी छत्री त्यांच्या डोक्यावर धरून मागून भिजत चालले होते.

मी कठड्याशी उभा राहिलो. बुधाने नाकारलेला कप तिथेच होता, पावसाचे थेंब पडून काठोकाठ भरलेला. आई आतून बघत होती. मी कप उचलला आणि प्यायलो. गार झाला होता आणि पाणचट झाला होता.

"कसा आहे?" आईने विचारलं.

"चांगला आहे," मी म्हणालो.